दारिद्र्य घटलं, दारिद्र्याची तीव्रता वाढली

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अहवाल आला की पाठोपाठ एक यादी फिरायला लागते: जगातल्या सर्वात वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्था. त्यात इथिओपिया, रवांडा, सेनेगल अशी आफ्रिकेतली बरीच नावं असतात. मग गटागटांत वाद रंगतो. एक बाजू म्हणते, बघा, आफ्रिका कुठच्या कुठे गेली. दुसरी म्हणते, कसलं काय, सगळा पैसा पुढाऱ्यांच्या परदेशी खात्यांत. गंमत अशी की दोघंही ज्या आकड्यावरून भांडतात, त्या जीडीपीच्या आकड्यात सर्वात गरीब घराबद्दल काहीच नोंदलेलं नसतं.

एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाचा जीडीपी एका दिवसात जवळजवळ ९० टक्क्यांनी वाढला. हिशोबाचं पायाभूत वर्ष १९९० वरून २०१० वर आणलं, मोबाइल सेवा आणि तिथला अवाढव्य चित्रपट व्यवसाय नीट धरला, आणि नायजेरिया दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडातली सर्वात मोठी अर्थव्यवस्था ठरला. त्या रात्री कोणाच्याही घरी घासभर जास्त शिजलं नाही. उलट टोकाला इक्वेटोरियल गिनी. १९९५ च्या सुमारास समुद्रात तेल सापडलं आणि दरडोई उत्पन्नात हा चिमुकला देश खंडात अगदी वरच्या रांगेत जाऊन बसला. १९७९ पासून तिथे एकच राष्ट्राध्यक्ष आहे आणि बहुसंख्य जनता गरीबच आहे.

पण ही टोकाची उदाहरणं झाली. तेलाचा पैसा राजवाड्यात गेला, हे कळायला शास्त्र लागत नाही. खरं कोडं आहे ते इथिओपियाचं, कारण तिथे वाढ तेलातून नव्हे, शेतातून आली.

२००४ पासून पुढची दहाएक वर्षं इथिओपियाची अर्थव्यवस्था सरकारी आकड्यांनुसार वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढली. रस्ते झाले, गावोगावी कृषी सहायक नेमले गेले, खत आणि बियाणं पोचलं. राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखालच्या लोकांचं प्रमाण २००५ मध्ये ३८.७ टक्के होतं, ते २०११ मध्ये २९.६ वर आलं आणि २०१६ मध्ये २३.५ वर. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला तेव्हा या घसरणीचं मोठं श्रेय शेतीलाच गेलं. एखाद्या सरकारने मिरवावं असंच हे यश आहे. आता त्याच पाहण्यांमधला दुसरा आकडा बघा. दारिद्र्याची तीव्रता मोजणारा निर्देशांक २००५ मध्ये २.७ होता आणि २०११ मध्ये ३.१ झाला. म्हणजे वाढला!

गरीब कमी झाले आणि गरिबी तीव्र झाली, हे एकाच वेळी कसं? इथे थोडं गणित करावं लागेल. मला ते फार आवडतं, त्यामुळे जरा सैल सोडा.

दहा घरांचं एक गाव घ्या. दारिद्र्यरेषा माणशी १०० बिर (बिर हे इथिओपियाचं चलन). पाच घरं रेषेच्या वर आहेत, त्यांना बाजूला ठेवू. उरलेल्या पाचांपैकी तीन घरांत माणशी खर्च ९० बिर, एका घरात ५० आणि एका घरात ४०. काही वर्षांनी पहिली तीन घरं १०५ वर पोचली. मात्र ५० वालं घर ४० वर घसरलं आणि ४० वालं ३० वर.

आधी नुसती डोकी मोजू, म्हणजे घरं. पूर्वी दहातली पाच गरीब, आता दोन. दारिद्र्य ५० टक्क्यांवरून २० वर आलं. मंत्र्यांनी पेढे वाटायला हरकत नाही.

आता प्रत्येक घराला रेषा गाठायला किती कमी पडतं, ती तूट मोजू. पूर्वी १० + १० + १० + ५० + ६०, एकूण १४०. आता ६० + ७०, एकूण १३०. तूट कमी झाली, पण जेमतेम. दोन घरांनी मिळून जवळपास पाच घरांइतका खड्डा पाडला आहे.

तिसरी पायरी: तुटीचा वर्ग करून बेरीज. पूर्वी १०० + १०० + १०० + २५०० + ३६००, म्हणजे ६४००. आता ३६०० + ४९००, म्हणजे ८५००. वाढली. इथिओपियात नेमकं हेच दिसलं: प्रमाण ३८.७ वरून २९.६, सरासरी तूट ८.३ वरून ७.८, आणि वर्ग केलेली तूट २.७ वरून ३.१. एक आकडा धाडकन खाली, दुसरा किंचित खाली, तिसरा वर. खऱ्या देशाचे आकडे पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाइतके स्वच्छ वागताना क्वचितच दिसतात.

वर्गच का करायचा? समजा तुमच्याकडे वाटायला एक बिर आहे. तो ९० वाल्याला दिला तर त्याची तूट १० ची ९ होते. वर्ग १०० चा ८१, फरक १९. तोच ४० वाल्याला दिला तर ६० ची ५९. वर्ग ३६०० चा ३४८१, फरक ११९. साध्या बेरजेत दोन्ही बिर सारखे. वर्गात मात्र तळच्या माणसाचा बिर सहापटींहून जास्त वजनाचा. नुसत्या डोकी मोजण्यात तर ४० वाल्याला दिलेला बिर वायाच जातो, कारण तो रेषा काही ओलांडत नाही. फक्त ‘गरिबांचं प्रमाण’ कमी करून दाखवायचं असेल, तर हुशार सरकारने रेषेच्या अगदी खाली टेकलेल्यांनाच मदत करावी आणि तळाकडे बघूही नये! अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्ये नेमकी हीच खोट दाखवून दिली होती. १९८४ मध्ये जेम्स फॉस्टर, जोएल ग्रीअर आणि एरिक थॉरबेक या तिघांनी हे तिन्ही आकडे एका सूत्रात बसवले. तुटीचा घात ० घेतला तर डोकी, १ घेतला तर तूट, २ घेतला तर तीव्रता. घात वाढवत नेला तर शेवटी फक्त सर्वात गरीब घरच मोजलं जातं. शिवाय हा निर्देशांक प्रांतवार, जमातवार फोडता येतो आणि लोकसंख्येचं वजन देऊन पुन्हा जोडता येतो. मूळ निबंधातलं उदाहरण, योगायोग म्हणा, नैरोबीतल्या कुटुंबांचंच होतं.

तर इथिओपियात तळ का खचला? मुख्य कारण धान्याचे भाव. २००८ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये तिथे महागाई कडाडली. शेतकऱ्यांचा देश असल्याने भाव वाढले की गरिबांचं भलं, असं वरवर वाटतं. पण एक एकरभर किंवा त्याहूनही कमी जमीन असलेलं घर डोळ्यासमोर आणा. कापणी नोव्हेंबर-डिसेंबरची. खताची उधारी लगेच फेडायची, म्हणून मोहरीहून बारीक असलेला टेफ तेव्हाच बाजारात जातो, अर्थात पडत्या भावात. टेफच्या आंबोळीसारख्या इंजेरावर शहर जगतं. पिकवणारं गरीब घर मका आणि ज्वारी खातं. जुलै-ऑगस्टपर्यंत कणगी रिकामी होते आणि मग तेच घर चढ्या भावाने धान्य विकत घेतं. वर्षाचा हिशोब केला तर हा शेतकरी विकणारा नाही, विकत घेणारा आहे. ज्याच्याकडे विकून उरेल इतकं होतं आणि ज्याच्या गावाजवळ बरं शहर होतं, तो वर गेला. भाववाढीने त्याला उचललं आणि तिनेच तळच्या १५ टक्के लोकांना खाली ढकललं. ‘ज्याचं त्याचं कर्म’ म्हणून हात झटकणारे आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांनी कर्माऐवजी कापणीचा महिना आणि उधारीची तारीख तपासावी.

मोझांबिकमध्ये जरा वेगळ्या वाटेने तेच घडलं. यादवी युद्धानंतर दारिद्र्य १९९७ च्या ६९ टक्क्यांवरून २००३ मध्ये ५४ वर आलं. पुढची सहा वर्षं अर्थव्यवस्था वर्षाला सातेक टक्क्यांनी वाढत राहिली आणि २००९ ची पाहणी म्हणाली: दारिद्र्य ५५ टक्के. जागच्या जागी. राजधानी मापुतोजवळच्या भल्यामोठ्या अॅल्युमिनियम कारखान्याने निर्यातीचा आलेख उंच नेला होता, पण त्यात कामगार मोजकेच. शेतीची उत्पादकता मात्र हलली नव्हती. २०१० मध्ये पावाच्या भावावरून मापुतोत दंगल झाली.

वाढ आपोआप तळापर्यंत पोचत नाही, या म्हणण्याविरुद्ध एक वजनदार युक्तिवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. डेव्हिड डॉलर आणि आर्ट क्राय या जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये ९२ देशांची आकडेवारी लावून दाखवलं की सर्वात गरीब २० टक्क्यांचं उत्पन्न देशाच्या सरासरीच्या जोडीनेच वाढतं. हे खरं आहे. घाना घ्या: दारिद्र्य दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं, ते वाढीशिवाय झालं नसतं. पण ‘जोडीने’ हा ९२ देशांचा सरासरी कल आहे. एखादा देश त्या सरासरी कलाच्या वर असतो, एखादा खाली. शिवाय २० टक्क्यांचा गठ्ठा केला की त्यातले तळचे १० टक्के वरच्या १० मागे लपतात. घानाचाच वायव्येकडचा अपर वेस्ट प्रांत बघा: कोको पिकवणाऱ्या दक्षिणेत सुबत्ता आली, आणि इथे २०१७ च्या पाहणीतही दहातले सात गरीब.

आपल्याकडे हा प्रश्न पुण्यात विचारला गेला होता. गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या साठच्या दशकाच्या वाढीचा असाच गटवार पंचनामा केला. ग्रामीण भागातले तळचे २० टक्के होते तिथेच राहिले आणि शहरातले तळचे २० टक्के आणखी खाली गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे आफ्रिकेचं हे काही जगावेगळं दुखणं नव्हे.

आता या सगळ्या इमारतीच्या पायाकडे बघू, कारण वर्गाचं गणित चुकांचाही वर्ग करतं. पाहणी करणारा माणूस घरी येतो आणि विचारतो, गेल्या सात दिवसांत किती धान्य खाल्लं? घरची बाई सांगते, इतके डबे. इथिओपियात पत्र्याचा डबा, ‘टासा’, हेच माप आहे, आणि तो गावोगावी सारखा नसतो. घरचं धान्य असेल तर त्याची किंमत काय धरायची? मुलांनी बाहेर खाल्लेलं कणीस कोण मोजणार? टांझानियात २००७-०८ मध्ये याचाच प्रयोग झाला. सुमारे चार हजार कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं आठ प्रकारच्या प्रश्नावल्यांमध्ये वाटलं. कोणाला सात दिवसांचं विचारलं, कोणाला चौदा, कोणाला रोजची वही दिली. देश तोच, वर्ष तेच; पण भुकेल्यांचं प्रमाण प्रश्नावलीनुसार १९ टक्क्यांपासून ६८ टक्क्यांपर्यंत बदललं. दोन पाहण्यांची तुलना करताना प्रश्नावली तीच होती का, हे आधी विचारायचं ते म्हणूनच.

आणखी एक गोची: २००५ चे तळचे दहा टक्के आणि २०११ चे तळचे दहा टक्के ही तीच माणसं नसतात. मधल्या काळात कोणाचा बैल मेला, कोणी आजारी पडलं आणि ते घर खाली आलं. दुसरं कोणी वर सरकलं. आलेखावरचा दहावा पर्सेंटाइल (म्हणजे ज्याच्याखाली दहा टक्के लोक आहेत ती जागा) म्हणजे बाकाची जागा, त्यावर बसलेला विद्यार्थी नव्हे. त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या पाहण्या असतात, पण महाग आणि मोजक्या. शिवाय गरीब माणूस गरीब घरातच असतो असंही नाही. आफ्रिकेतल्या ३० देशांच्या पोषणाच्या आकडेवारीत अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांना दिसलं की कमी वजनाच्या स्त्रिया आणि कुपोषित मुलं यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सर्वात गरीब २० टक्के घरांच्या बाहेर राहतात. घराची सरासरी बरी असते, पण ताटातला वाटा बरा नसतो.

मग वाढ वरून झिरपायची वाट न बघता तळातच सोडली तर? केनियातल्या सियाया जिल्ह्यात हे करून बघितलं गेलं. ६५० हून अधिक खेड्यांपैकी काहींत, दहा हजारांवर गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर थेट मोबाइलवर दिले. निवडलेल्या भागांत ही रक्कम स्थानिक उत्पन्नाच्या १५ टक्के होती. अर्थतज्ज्ञांना धास्ती होती ती भाववाढीची. भाव वाढले जेमतेम ०.१ टक्का. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक उत्पन्न अडीच डॉलरच्या आसपास वाढलं आणि ज्यांना दमडीही मिळाली नव्हती त्या शेजाऱ्यांचा खर्चही वाढला. कारण खेड्यातली पिठाची गिरणी आणि दुकान अर्धा दिवस गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेलं असतं. गिऱ्हाईक वाढलं तर नवी गिरणी लागत नाही.

मात्र याचीही जाहिरात करायला लगेच धावू नये. सियायाच्या बाजारात धान्य होतं. इथिओपियाने २००५ पासून आपल्या रोजगार हमीसारखी कामं काढून लाखो लोकांना मजुरी द्यायला सुरुवात केली: बांध घाला, तळी खणा, पैसे किंवा धान्य घ्या. २००८ मध्ये भाव कडाडले तेव्हा रोख मजुरीतून महिनाअखेरपर्यंतचा दाणागोटाही येईना, आणि ठिकठिकाणच्या मजुरांनी सांगितलं की आम्हाला पैसे नकोत, धान्यच द्या.