वारेचा पडदा आणि चुन्याने भाजलेला डोळा

तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी पोरांच्या हाती लागते, दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. नेत्ररुग्णालयांना ही केस नवी नाही. आम्लाने वरवरची प्रथिनं साकळतात आणि आम्लाचीच वाट काही अंशी अडते. चुना मात्र पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाचा साबण करत आत घुसत राहतो. अशा वेळी दूध, तूप, अंगारा यातलं काहीही डोळ्यात घालू नका. साधं नळाचं पाणी, तेही निदान अर्धा तास, आणि मग तडक डॉक्टर.

अशा डोळ्यावर सर्जन अनेकदा बाळंतिणीच्या वारेचा पडदा शिवतात. गर्भाभोवतीच्या आवरणांचा सर्वांत आतला थर, म्हणजे अ‍ॅम्निऑन. १९१० मध्ये अमेरिकेत जॉन डेव्हिस यांनी गर्भावरणं त्वचारोपणासाठी वापरली होती. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी (टिश्यू बँक) १९८८ पासून आहे. तिथे हा पडदा वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. आईची संमती आणि एचआयव्ही, कावीळ वगैरेंच्या तपासण्या आधी होतातच.

आता जाहिराती सांगतात, वार म्हणजे स्टेम सेलची खाण! पण वाळवून किरणं दिलेल्या पडद्यात एकही पेशी जिवंत नसते. मग काम कोण करतं?

पेशी ज्यावर उभ्या होत्या ती बैठक. ही तळपटल नावाची चटई कोलॅजन-४ आणि लॅमिनिन या प्रथिनांची विणलेली असते. बुबुळावरच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावरच्या (कॉर्निया) पेशींच्या तळाशी इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात, ती या चटईला धरून ठेवतात. पकड मिळाली तर पेशी पसरते, विभागते. सुटली तर आपणहून मरते. चुन्याने बुबुळाची स्वतःची चटई गेलेली असते, तिथे ही उसनी कामी येते.

दुसरं काम पडद्याच्या खालच्या थरातलं. तिथे हायल्युरोनन नावाची लांब साखळीची शर्करा आणि काही प्रथिनं यांचं जोडलेलं संयुग असतं. ते टीजीएफ-बीटा या संदेशाचा जोर उतरवतं. हा संदेश प्रबळ झाला की धागे बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी व्रण करणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट होतात, कोलॅजनचे वेडेवाकडे धागे ओततात आणि डोळ्यात फूल पडतं. बुबुळ पारदर्शक असतं ते त्याचे धागे ठरावीक अंतरावर, ओळीत असतात म्हणूनच.

कोणती बाजू वर ठेवायची? सर्जन कोरड्या स्पंजचं टोक टेकवतात. जिथे चिकट तार सुटते ती खालची बाजू.

पडदा काही आठवड्यांत विरघळतो. मात्र तो नव्या पेशी देत नाही. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरच्या मूळपेशीच (स्टेम सेल) जळाल्या असतील, तर नुसत्या पडद्याने भागत नाही. त्यासाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक सोपी रीत प्रसिद्ध केली: दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या सीमेवरून दोनेक मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या गोंदाने याच पडद्यावर रोवायचे. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा महागडा टप्पा त्यामुळे टळतो.