उन्हाळी विज्ञान संशोधन इंटर्नशिप (शालेय)

शाळेतल्या किंवा ज्युनियर कॉलेजातल्या मुलामुलींनी सुट्टीत काही आठवडे एखाद्या चालू प्रयोगशाळेत, संशोधन केंद्रात नाहीतर थेट शेतात, जाणत्या माणसाच्या हाताखाली एकाच प्रश्नावर काम करणं, याला उन्हाळी संशोधन इंटर्नशिप म्हणतात. सायन्स कॅम्प वेगळा. कॅम्पमध्ये उत्तर आधीच ठरलेले प्रयोग करून दाखवतात, इथं उत्तर गाइडलासुद्धा पूर्ण माहीत नसतं, आणि या नोंदीत हाच फरक कसोटी म्हणून धरलाय.

शब्द

'हायस्कूल' या शब्दानं आपल्याकडं घोळ होतो. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारण नववी ते बारावी, सातारा-सांगलीत हायस्कूल म्हटलं की पाचवी ते दहावी आणि पुढची दोन वर्षं ज्युनियर कॉलेज, त्यामुळं तिकडची जाहिरात वाचताना अकरावीवाल्यानं हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. 'इंटर्न' शब्द फ्रेंच. पॅरिसच्या हॉस्पिटलांत राहून काम शिकणाऱ्या विद्यार्थी डॉक्टरांसाठी ही पद्धत 1802 मध्ये बसवली गेली. आपला सरकारी शब्द 'आंतरवासिता', तो एमबीबीएस आणि बीएडच्या कागदांवर दिसतो. याचं मूळ 'अंतेवासी' म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य यात शोधायचा मोह होतो, अर्थही छान जुळतो, पण शब्दाची बांधणी बघितली तर 'इंटर्न' समोर ठेवून 'अंतर्' आणि 'वास' यांतून तो घडवला असावा हे जास्त पटतं. बोलताना सगळे इंटर्नशिपच म्हणतात.

सुरुवात नक्की कधी

यावर एकमत होणं अवघड आहे, कारण प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतो. 1924 च्या उन्हाळ्यात सी. सी. लिटल या जनुकशास्त्रज्ञानं काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बरला नेलं, पुढं 1929 मध्ये तिथंच जॅक्सन लॅबोरेटरी ही जनुकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, म्हणून काहीजण 1924 धरतात. पण ती पोरं युनिव्हर्सिटीतली होती, शाळेतली नव्हती. दुसरा धागा 1957 चा. त्या वर्षी अरनॉल्ड रॉस यांनी नोत्र दाम विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी गणिताचा उन्हाळी कार्यक्रम चालू केला, आणि त्याच ऑक्टोबरात रशियाचा स्पुतनिक वर गेल्यावर अमेरिकन सरकारनं विज्ञान शिक्षणात पैसा ओतला आणि असे कार्यक्रम भराभर वाढले. स्पुतनिकमुळंच सगळं चालू झालं असं सरसकट लिहितात ते तारखा बघता टिकत नाही, रॉस यांचा उन्हाळा आधीचा. तिसरा मुक्काम 1984, रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे आरएसआय. सध्या एमआयटीत भरणारा हा सहा आठवड्यांचा कार्यक्रम निवड झालेल्यांना मोफत असतो, आणि आज ज्याला आपण इंटर्नशिप म्हणतो तो साचा (आधी थोडे वर्ग, मग मेंटॉरबरोबर काम, शेवटी पेपर आणि सादरीकरण) याच्या रूपात लोकांना माहीत झाला.

मला विचाराल तर वर्षापेक्षा जॅक्सन लॅबचं एक उदाहरण जास्त सांगून जातं. डेव्हिड बाल्टिमोर हायस्कूलला असताना एका उन्हाळ्यात तिथं गेले, तिथं त्यांची गाठ थोड्या मोठ्या हॉवर्ड टेमिनशी पडली, आणि 1975 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना रेनातो दुलबेक्को यांच्यासोबत मिळालं. प्रत्येक पोराचं असं होणार नाही हे उघड आहे, पण सोळा-सतराव्या वर्षी खऱ्या कामाच्या जागी कोण भेटतं याला किती वजन आहे ते यातून कळतं.

भारतात

इकडं हीच कल्पना स्कॉलरशिपच्या वाटेनं आली. एनसीईआरटीची नॅशनल सायन्स टॅलेंट सर्च 1963 ला दिल्लीपुरती सुरू झाली, पुढच्या वर्षी देशभर गेली, निवडलेल्यांसाठी उन्हाळी वर्ग असायचे. 1999 ला किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना ही विज्ञानाची स्कॉलरशिप आली, ती 2022 मध्ये केंद्र सरकारच्याच इन्स्पायर योजनेत मिसळली. इन्स्पायरचे अकरावी सायन्सवाल्यांचे कॅम्प साधारण पाच दिवसांचे, म्हणजे वरच्या कसोटीवर ते कॅम्पच. इस्रोचा युविका हा शाळकरी मुलांचा अवकाश-विज्ञान कार्यक्रम 2019 पासून, नववीतल्या मुलांसाठी, मे महिन्यात, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेतल्या मुलांना निवडीत वेगळं वेटेज आहे, हे आपल्या भागातल्या मास्तरांनी आवर्जून लक्षात ठेवावं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राचा शालेय उन्हाळी उपक्रम आठवी-नववीच्या मुलांना आठवडाभर एका शास्त्रज्ञाजवळ बसवतो, काळ थोडा पण आत्मा इंटर्नशिपचा. फक्त तो मुख्यतः पुण्यातल्या शाळांचा. 1993 पासूनची राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आपल्याच गावातला प्रश्न घ्यायला लावते, त्यामुळं उन्हाळ्यात केलेलं काम तिथं मांडता येतं.

सातारा-सांगलीकडं

इथं खरा मोसम दहावीच्या परीक्षेनंतरचा. मार्चमध्ये पेपर संपले की अकरावीचं ॲडमिशन होईपर्यंत हातात सलग दोन-तीन महिने असतात, बारावीला मात्र सीईटी, नीट, जेईईत उन्हाळा जातो. हे महिने क्लासच्या फाउंडेशन बॅचला देऊन टाकतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण प्रश्न तर दारातच पडलेत. फलटण तालुक्यात पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र 1932 पासूनचं, फलटणलाच 1968 ला सुरू झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था, सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळदीवर संशोधन, महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेरा रोगावर काम आणि 2012 पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा, कराडला कोयनेच्या भूकंपांसाठी बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून अभ्यास करणारी (11 डिसेंबर 1967 चा भूकंप इकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो). अठरा वर्षांखालच्या मुलांना आत घ्यायला पालकांची लेखी संमती आणि संस्थाप्रमुखाची परवानगी लागते, धोक्याच्या केमिकलला हात लावू देत नाहीत, म्हणून शेतातला आणि साध्या मापनाचा विषय घेणं सोयीचं.

पैसे भरून ऑनलाइन 'पेपर छापून मिळेल' असं सांगणारे कोर्स वेगळे, त्यांना इथं धरलेलं नाही.

एक उदाहरण: क्षारपड

मी माती तपासणीतला, म्हणून उदाहरण मातीचं, मीठ साठून बिघडलेल्या म्हणजे क्षारपड रानाचं. मिरज, वाळवा, पलूस भागात कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन काळ्या रानात मीठ वर आलंय, मे महिन्यात वाफ्यावर पांढरा पापुद्रा दिसतो. प्रश्न साधा: मीठ किती खोलवर आहे? पोरीनं किंवा पोरानं 0 ते 15, 15 ते 30, 30 ते 60 सेंटिमीटर असे वेगळे नमुने घ्यायचे, पापुद्रा खरवडून त्याची पुडी वेगळी. सावलीत वाळवून, मुसळीनं फोडून, 2 मिलिमीटरच्या चाळणीनं चाळायचं. 20 ग्रॅम माती, 50 मिलि डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास मधूनमधून ढवळायचं, निवळी वर आली की ईसी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारं यंत्र, मीठ जास्त तर आकडा जास्त.

पहिली चूक मीटर न तपासण्याची. 0.01 नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण 25 अंशाला 1.41 डेसिसायमन प्रति मीटर (ईसीचं एकक) दाखवायला पाहिजे, आणि दर अंशाला आकडा साधारण 2 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सांगलीच्या मे महिन्यातल्या 37 अंशाच्या खोलीत दुरुस्ती केली नाही तर मीठ जवळपास पाव हिश्शानं जास्त दिसतं. दुसरी चूक जास्त महागात पडते. क्षारयुक्त जमिनीची 4 ची मर्यादा संपृक्त मातीच्या, म्हणजे मावेल तेवढंच पाणी घातलेल्या मातीच्या, अर्काची आहे, तर आपण मोजतो ते अडीचपट पाण्यात पातळ झालेलं, त्यात 1 च्या वर गेलं की उगवण अडायला लागते आणि 3 च्या वर बहुतेक पिकांना मार बसतो. 1.8 बघून 'चारच्या आत आहे, रान चांगलं' असं वहीत लिहिलं तर सगळा महिना वाया. तिसरं म्हणजे सामू (पीएच), तो 8.5 च्या वर गेला तर रान नुसतं क्षारयुक्त नाही, चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट, होत चाललेलं असू शकतं, आणि त्याचा उपाय वेगळा, तिथं जिप्समचा हिशोब येतो, नुसतं पाण्याच्या निचऱ्याचे चर काढून भागत नाही.

वहीत तारीख, शेवटचं पाणी कधी दिलं, नमुन्याची जागा बांधापासून किती पावलं, खोलीचं तापमान, हे सगळं त्याच दिवशी पेननं लिहायचं, खोडायचं असेल तर एक रेघ. कारण मे महिन्यात ऊन मीठ वर ओढतं आणि पावसात तेच खाली झिरपतं, तेव्हा उन्हाळ्यातला आकडा वर्षाचा आकडा नसतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्याच खुणेवर, तेवढ्याच पावलांवर, परत नमुने घेऊन दुसरा रकाना भरायचा.