लढाई सुरू कोण करतं आणि पहिला हात कोणाचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं साकारून फाशांवर खेळायच्या खेळाच्या टेबलावर हा प्रसंग वारंवार येतो. पुलावर दरोडेखोरांच्या म्होरक्याशी बोलणी चालली आहेत आणि मध्येच एक खेळाडू म्हणतो, "मी तलवार काढून त्याच्यावर वार करतो." फासा आधीच हातात. डीएमने (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने) तो वार मोजला आणि इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कोणाची पाळी कधी हे ठरवणारा फासा, नंतर टाकायला लावलं, तर त्या खेळाडूला एक अख्खा टर्न (पाळी) फुकट मिळाला. पुढच्या बोलणीत मग प्रत्येक जण सगळ्यांत आधी ओरडायला टपलेला असतो.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. लढाई सुरू झाली का, हे डीएम ठरवतो. पहिला हात कोणाचा, हे फासे ठरवतात. खेळाडू ठरवतो ते फक्त आपल्या पात्राचा इरादा. "मी वार करतो" हे वाक्य लढाईला तोंड फोडतं, पण वार अजून झालेला नसतो.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत क्रम स्पष्ट आहे. कोण बेसावध आहे हे डीएम आधी ठरवतो, मग कोण कुठे उभं आहे ते सांगतो, मग सगळे इनिशिएटिव्ह टाकतात: वीस बाजूंचा फासा अधिक डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणामुळे मिळणारा अधिक-उणे आकडा. पुलावर म्होरक्याचे १८ आले आणि आपल्या योद्ध्याचे ९, तर डीएमने सांगावं, "तुझा हात मुठीकडे गेला आणि त्याने ते पाहिलं." आधी म्होरक्या खेळतो. योद्ध्याचा टर्न येईल तेव्हा त्याला वार करायचं बंधन नाही. तोवर चित्र बदललेलं असतं. खेळाडूंना हे अन्यायाचं वाटतं खरं, पण एक राउंड, म्हणजे सगळ्यांच्या एकेका टर्नची फेरी, जेमतेम ६ सेकंदांचा, आणि समोरासमोर उभा असलेला सशस्त्र माणूस गाफील नसतो.

बेसावध पकडणं ही वेगळी गोष्ट, आणि तिला लपणं लागतं. झुडपात दबा धरलेल्या प्रत्येकाने स्टेल्थ (लपण्याचा फासा) टाकायचं आणि आकडा समोरच्याच्या पॅसिव्ह परसेप्शनशी, म्हणजे फासा न टाकता धरलेल्या त्याच्या सावधपणाच्या आकड्याशी, ताडून पाहायचा. साध्या गॉब्लिनचं (खेळातला एक छोटा राक्षसी शत्रू) ते ९ असतं. चिलखत वाजवणाऱ्या एकट्या साथीदाराचे ६ आले, तर तो दिसतो आणि ज्याला एक जरी दिसला तो गॉब्लिन बेसावध राहत नाही. हा निकाल प्रत्येक गॉब्लिनसाठी वेगळा लागतो, टोळीसाठी एकत्र नव्हे.

"सर्प्राइज राउंड" हा शब्द तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीतून आलेला. पाचवीत असा राउंडच नाही. बेसावध गॉब्लिनही इनिशिएटिव्ह टाकतो. फक्त पहिल्या टर्नला तो हलत नाही, अ‍ॅक्शन घेत नाही आणि तो टर्न संपेपर्यंत दुसऱ्याच्या टर्नमध्ये द्यायचं प्रत्युत्तर, म्हणजे रिअ‍ॅक्शनही नाही. त्याचे २० आले आणि तुमच्या मारेकऱ्याचे १२, तर मारेकऱ्याचा बाण सुटेपर्यंत गॉब्लिनचा तो टर्न उलटून गेलेला असतो आणि बेसावधांवर त्याला मिळणारा हुकमी क्रिटिकल (नुकसानीचे दुप्पट फासे देणारा घाव) हुकतो. २०२४ च्या नियमांत हे सुटसुटीत केलं: बेसावध असाल तर इनिशिएटिव्ह डिसअ‍ॅडव्हान्टेजने टाका, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्या, एवढंच. मारेकऱ्याची क्षमताही त्यासोबत बदलली, त्यामुळे दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर मिसळू नयेत.

डन्जन वर्ल्ड या अशाच दुसऱ्या खेळात हा घोळ उद्भवतच नाही, कारण तिथे इनिशिएटिव्ह नाही. योद्धा झेपावला की २ सहा-बाजूंचे फासे अधिक स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा): १० किंवा जास्त आले तर घाव बसतो, ७ ते ९ ला घाव बसतो पण शत्रूही उलट वार करतो, ६ किंवा कमी आले तर पुढे काय बिघडतं ते जीएम (तिथला खेळ चालवणारा) सांगतो. झोपलेल्या पहारेकऱ्याला मारायला हा फासा टाकायचाच नसतो, कारण तिथे झुंजच नाही. थेट डॅमेज (इजा) द्यायचं.