मनी प्लांट कापलं की पैसा जातो? काहून जाईल!

लातूर-परभणीकडं लई घरांत समज आहे की मनी प्लांटला कात्री लावली की लक्ष्मी जाते, म्हणून वेल पार पंख्यापर्यंत चढवतेत, खालून सगळी टकली, शेंड्याला चार पानं, आन् एका उन्हाळ्यात गेली की विचारायलेत नजर लागली का. अहो हे झाड मूळचं फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोऑरेआ बेटावरचं, त्याला आपल्या तिजोरीचं काय घेणं!

शेंड्यात ऑक्सिन नावाचं हार्मोन बनतं, त्यामुळं खालचे डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, दबून राहतेत, शेंडा कापला की ते फुटतेत आणि वेल भरगच्च होते. कापा गाठीच्या, म्हणजे वेलीवर जिथून पान निघतं त्या जागेच्या, जरा वर. कापलेल्या तुकड्याला एक तरी गाठ पाहिजेच, नुसत्या पानाला मुळं आली तरी त्याची वेल होत नाही. तेच तुकडे त्याच कुंडीत खोचा.

आता खरं सांगायचं तर नुसतं न कापल्यानं झाड मरत नाही, विरळ होतं. मारतो तो अंधारा कोपरा आणि वरून रोजचं पाणी, कारण उजेड कमी असला की झाड पाणी कमी पितं, माती ओलीच राहते आणि मुळं सडतेत. म्हणून जागा पण बदला, फक्त मे महिन्यात थेट उन्हात नको, आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो, पानं करपतेत. छाटणी मृगाचा पाऊस पडल्यावर केलेली बरी.