वाढलेली हिरडी कापून घ्यायची आहे? आधी गोळ्यांचं पाकीट दाखवा

“डॉक्टर, हिरडी फार वाढलीये, आजच कापून टाका.” नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या दातांच्या दवाखान्यात हे वाक्य सारखं कानावर येतं. आम्ही “आज नाही” म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. कुणी सिन्नरहून अर्धी रजा टाकून आलेलं असतं, कुणाचं लग्न तोंडावर आलेलं असतं, आणि उगाच फेऱ्या मारायला लावून बिल वाढवतात असंही काहींना वाटतं. फोनवर प्रत्येकाला तेच समजावत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

जिंजिव्हेक्टोमी हे नाव आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना एव्हाना पाठ झालेलं असतं: हिरडीचा वाढलेला भाग कापून काढणं. उरलेल्या हिरडीला नीट उतार आणि कमान देणं म्हणजे जिंजिव्होप्लास्टी. दोन्ही कामं बहुधा एकाच बैठकीत होतात. त्यामुळे कागदावर दोन नावं दिसली तरी पैसे दोनदा लागत नाहीत.

आजच का नाही?

कारण सुजलेली हिरडी आणि खरोखर वाढलेली हिरडी वरून सारखीच दिसतात. सूज कापायची नसते, उतरवायची असते. दाताच्या कडेला कीट साचतो, त्याचा दगड होतो, हिरडी लाल होऊन फुगते आणि ब्रश लागला की रक्त येतं. रक्त येतं म्हणून माणूस तिथे ब्रश लावणं सोडतो, की आणखी कीट साचतो. म्हणून आधी मशीनने आणि हाताने खोलवर सफाई, मग चार ते सहा आठवडे थांबून पुन्हा मोजणी.

मोजणी म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई हिरडी आणि दाताच्या फटीत हलकेच सरकवून पाहणं. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर जाते. पाच-सहा गेली, तर एक तर हिरडी वर चढलेली असते, नाहीतर आतलं हाड खाली गेलेलं असतं. हिरडी वर चढली असेल तर कापून भागतं. हाड गेलं असेल तर हिरडी बाजूला सारून आत काम करावं लागतं, ती फ्लॅपची शस्त्रक्रिया वेगळी. एक्स-रे त्यासाठीच काढतो. घट्ट, गुलाबी हिरडीचा पट्टा मुळातच अरुंद असेल तर तो कापून टाकणं हा शुद्ध वेडेपणा, कारण मग दाताभोवती सैल कातडीच उरते.

सफाईनंतर काहींची हिरडी इतकी बसते की कापायची गरजच राहत नाही. अशा वेळी आमचं शस्त्रक्रियेचं बिल बुडतं, पण तो माणूस पुढे घरच्या चौघांना घेऊन येतो, हेही खरं.

दातांना तारा लावलेल्या कॉलेजच्या मुलांची हिरडी तारा निघाल्यावर बरीच उतरते, तेव्हा घाई नको. गरोदरपणात आलेली सूजही बाळंतपणानंतर बहुधा ओसरते. त्या काळात सफाई करून घ्यावी, कापणं पुढे ढकलावं. आणि शस्त्रक्रियेआधी रक्ताची साधी तपासणी सांगितली तर ती टाळू नका. रक्ताच्या काही गंभीर आजारांत पहिली खूण हिरडीवरच दिसते, आणि तिथे सुरी लावणं धोक्याचं असतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे

हिरडी वाढवणारी औषधं ठरावीक आहेत. रक्तदाबाच्या गोळ्यांत अमलोडिपिन आणि निफेडिपिन, फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी फेनिटॉइन, आणि किडनी बसवलेल्यांना चालू असणारी सायक्लोस्पोरिन. फेनिटॉइनचा हा परिणाम १९३९ सालापासून वैद्यकीय लेखनात नोंदलेला आहे, आणि ती घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांत तो कमी-अधिक दिसतो. अमलोडिपिनने हिरडी वाढणारे त्यामानाने थोडे, पण ही गोळी घेणारेच इतके आहेत की आमच्या खुर्चीवर जास्त तेच बसतात. औषधाने वाढलेली हिरडी हात लावला तर ओळखू येते: घट्ट, दाणेदार, पुढच्या दातांमधल्या त्रिकोणी भागातून गोळ्यासारखी बाहेर आलेली. दात नसलेल्या जागी ती सहसा वाढत नाही.

पण आम्हाला हे आधी कळायला हवं ना! केसपेपर लिहिताना विचारतो, “काही गोळ्या चालू आहेत का?” उत्तर ठाम येतं, “काही नाही.” मग भूल द्यायच्या आधी पट्टा बांधून बीपी बघितलं जातं, आकडा जरा वर दिसतो, आणि सोबत आलेल्या काकू पर्समधून स्ट्रिप काढत म्हणतात, “अहो, ती सकाळची छोटी पांढरी गोळी सांगितलीत का?” काकांचं म्हणणं असं, की ती काय औषध आहे, ती तर रोजचीच.

बीपीची गोळी हे औषध आहे. फिटची गोळी लहानपणापासून चालू असली तरी ते औषध आहे. रक्त पातळ करायची गोळी, साखरेची गोळी, वैद्यांकडची पुडी, दम्याचा पंप, सगळं आम्हाला सांगायचं. ऐनवेळी कळलं तर त्या दिवसाची वेळ वाया जाते. तुमच्या फिजिशियनना चिठ्ठी लिहावी लागते, उत्तर यावं लागतं, कधी गोळी बदलून पाहावी लागते. तुमच्यासाठी राखून ठेवलेला तासभर खुर्ची रिकामी राहते, आणि ओझरहून सकाळी निघालेला पुढचा रुग्ण बाहेर ताटकळतो.

गोळी बदलता येईल का, हे तुमचे फिजिशियन ठरवतील. रक्तदाबासाठी हिरडीला त्रास न देणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गोळ्या आहेत. सायक्लोस्पोरिनऐवजी काहींना टॅक्रोलिमस चालते, त्यात हिरडी कमी वाढते. गोळी बदलली की हिरडी काही महिन्यांत आपोआप थोडी ओसरू शकते. म्हणून बदल झालाच तर कापायचा निर्णय आम्ही सहा महिने ते वर्षभर पुढे नेतो. हे ऐकून पुष्कळ जण वैतागतात, पण आमचं मत पक्कं आहे.

आता याच चुकीची दुसरी बाजू, आणि ती जास्त वाईट. आमच्याकडे हे ऐकून काही जण घरी गेल्यावर बीपीची गोळी स्वतःच बंद करतात. तसं अजिबात करू नका. फेनिटॉइन एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. शस्त्रक्रियेत रक्त जास्त जाईल या भीतीने ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आधीच सोडून येणारेही भेटतात. एवढ्या छोट्या कामासाठी बहुतेक वेळा ती सोडावी लागत नाही, रक्त आम्ही जागीच दाबून थांबवतो. वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पीटी-आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा, आकडा बघून ठरवू. तुमचं हृदय आमच्या सुबक हिरडीपेक्षा महत्त्वाचं आहे.

म्हणून पहिल्याच भेटीला तुमच्या सगळ्या चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. ते जमत नसेल तर फोटो पाठवा, पण औषधाचं नाव छापलेल्या बाजूचा. मेडिकलवाले दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून देतात तेव्हा नाव नेमकं दुसऱ्या तुकड्यावर जातं, आणि आमच्या हातात नुसतं ‘…डिपिन ५’ येतं. अशा वेळी मेडिकलचं बिल आणलं तरी चालेल.

परत वाढते का?

वाढू शकते. निफाड-पिंपळगावकडच्या बागायतदारांना हे पटकन कळतं: छाटणी केली म्हणून वेल वाढायची थांबत नाही. औषध तेच राहिलं आणि कीट साचत राहिला तर हिरडी पुन्हा चढते. औषध बदलता आलं नाही तरी कीट रोज निघत राहिला तर वाढीचा जोर बराच कमी राहतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. म्हणून अशा रुग्णांना आम्ही दर तीन महिन्यांनी सफाईला बोलावतो. हा धंदा वाटतो, ठाऊक आहे. पण वर्षातल्या चार सफाया एका शस्त्रक्रियेपेक्षा सोप्या पडतात, खिशालाही आणि जिवालाही.

कापताना काय होतं?

इंजेक्शनने जागा बधिर करतो, पूर्ण बेशुद्ध करत नाही. सळईने फटीची खोली मोजून हिरडीच्या बाहेरून बारीक टोचणी करतो. रक्ताचे छोटे ठिपके उमटतात आणि कुठून कापायचं ती रेघ तयार होते. त्या रेघेच्या किंचित मुळाकडच्या बाजूने, दाताशी साधारण ४५ अंशांचा तिरपा कोन धरून, काप घेतो. सरळ आडवा कापला तर जाड काठ उरतो, त्यावर अन्न अडकतं आणि कीट बसतो. मग कडा घासून पातळ करायच्या, दातांमधल्या हिरडीला उभी खाच द्यायची, म्हणजे घास खाली घसरतो. ही घडण करायलाच जास्त वेळ लागतो. टाके बहुधा लागत नाहीत.

“लेझरने करता का?” हो, करतो. लेझरने रक्त कमी येतं, काम स्वच्छ दिसत राहतं, आणि बहुतेकदा वरून पॅक (जखम झाकणारा लेप) लावावा लागत नाही. पण लेझरने कापलेली हिरडी परत वाढत नाही, असं कुणी सांगितलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मूळ कारण तेच राहिलं तर तीही वाढते. जाड, दाणेदार हिरडीला आम्ही आजही सुरी पसंत करतो. पेसमेकर असेल तर आधीच सांगा, म्हणजे विजेवर चालणारं कॉटरी (हिरडी जाळून कापणारं यंत्र) आम्ही बाजूला ठेवतो.

हसताना हिरडी जास्त दिसते म्हणून येणाऱ्यांसाठी एकच सांगणं: हिरडीची कडा आणि हाड यांच्यात सुमारे तीन मिलिमीटर जागा लागते. ती नसेल तर नुसती हिरडी कापून काही महिन्यांत ती जागेवर येते. मग हाडालाही आकार द्यावा लागतो. लग्नाच्या तारखेआधी किमान तीन महिने हातात ठेवून या.

घरी गेल्यावर

जखमेवर लावलेला गुलाबीसर पॅक सात ते दहा दिवस राहतो. पहिले काही तास गरम चहा नको, पॅक घट्ट व्हायला वेळ लागतो. जिभेने, टाचणीने, काडीने पॅकशी खेळू नका. त्याचा तुकडा पडला आणि दुखत नसेल तर रात्री फोन करायची गरज नाही, सकाळी या. रक्त आलं तर स्वच्छ गॉज ओला करून वीस मिनिटं सलग दाबून धरा. मधे मधे उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही तर वेळ न बघता फोन करा.

हळद, तुरटी, लवंगेचं तेल जखमेवर नको. मिश्री तर नकोच, या आठवड्यातही आणि पुढेही. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिवसातून दोनदा, ब्रशनंतर अर्ध्या तासाने. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढच्या सफाईत ते निघतात. पॅक काढल्यावर दिसणारा पांढरट थर पू नसतो, नवी कातडी येत असते. वरचं आवरण एक-दोन आठवड्यांत येतं, पूर्ण भरायला महिना-दीड महिना लागतो. दात लांब झाल्यासारखे वाटतील, गार पाणी झिणझिणेल, तेही हळूहळू कमी होतं. बाकीच्या दातांना पहिल्या दिवसापासून ब्रश करायचाच. मऊ ब्रश काउंटरवर मिळतो, पण बाहेरचाही चालतो, फक्त मऊ हवा.

शस्त्रक्रिया आम्ही मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ठेवतो. शनिवारी मागू नका. रविवारी दवाखाना बंद असतो, आणि नाशिकचा माणूस रविवारी मिसळीपासून लांब राहील यावर आमचा भरवसा नाही. तर्रीचा पहिला घोट ताज्या जखमेवर गेला की फोन आम्हालाच येतो. ज्यांना खरोखरच शनिवारखेरीज वेळ नाही, त्यांनी काउंटरवर तसं सांगावं, महिन्यातला एक शनिवार आम्ही अशा कामगार मंडळींसाठी राखतो. फीचा अंदाज पहिल्या मोजणीनंतर कागदावर लिहून मिळेल.