‘वुई’च्या मागचं स्टॉपवॉच

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिनच्या ‘वुई’ कादंबरीची आठवण हल्ली निघते ती तिच्यातल्या काचेच्या घरांमुळे. जिकडेतिकडे कॅमेरे, हातात फोन, म्हणजे आपणही काचेच्या भिंतींआडच राहतो, एवढं म्हटलं की काम भागतं. साम्य खोटं नाही, पण वरवरचं आहे. आपल्या खरं जवळचं आहे ते कादंबरीतलं वेळापत्रक, आणि ते झाम्यातिनने हवेतून काढलेलं नव्हतं.

कादंबरी १९२०-२१ मधली. तिच्यातल्या राज्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. लाखो लोक एकाच मिनिटाला उठतात, एकाच क्षणी चमचा तोंडाशी नेतात, प्रत्येक घास नियमाप्रमाणे पन्नास वेळा चावतात. दिवसाचे दोनच तास ज्याचे त्याला. निवेदक डी-५०३ ला सलतात तेही हेच दोन तास; कधीतरी तेही तक्त्यात बसतील, अशी त्याची श्रद्धा. त्याच्या लेखी जुन्या जगातला सर्वांत थोर माणूस म्हणजे टेलर. जर्मन तत्त्वज्ञ कांटवर ढीगभर ग्रंथ लिहिणाऱ्या लोकांना टेलर कसा दिसला नाही, याचं त्याला नवल वाटतं.

हा टेलर खराखुरा. फ्रेडरिक विन्स्लो टेलर, अमेरिकन इंजिनिअर. शास्त्रीय व्यवस्थापनावरचं त्याचं पुस्तक १९११ चं. बेथलेहेम स्टीलमधल्या हमालांची गोष्ट त्यात तो अभिमानाने सांगतो: दिवसाला माणशी साडेबारा टन लोखंड उचललं जायचं, ते साडेसत्तेचाळीसवर नेलं, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. लोखंड उचल, चाल, आता बस, हे सगळं घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस सांगणार. हमालाने फक्त ऐकायचं. (हे आकडे टेलरच्या तोंडचे. पुढच्या अभ्यासकांनी ही गोष्ट जशीच्या तशी मान्य केलेली नाही.)

गंमत अशी की, ही पद्धत भांडवलशाहीच्या शत्रूंनाही भावली. लेनिनने १९१४ मध्ये तिला माणसाला यंत्राचा गुलाम करणारी म्हटलं होतं. सत्तेवर आल्यावर, १९१८ मध्ये, तोच ती शिकून घ्या म्हणू लागला. १९२० मध्ये मॉस्कोत अलेक्सेई गास्तेवने श्रमसंस्था काढली. तिथे हातोडा मारणाऱ्या हाताला छोटे दिवे बांधून त्याच्या हालचालीच्या रेषा फोटोत पकडत. गास्तेव मूळचा धातुकामगार आणि कवी. प्रत्येक कामगाराला ए, बी, सी किंवा ३२५ असं संबोधता येईल, हे त्याने १९१९ मध्ये चक्क आशेने लिहून ठेवलं आहे. डी-५०३ हे नाव यानंतर फारसं अतिशयोक्त वाटत नाही.

पण निव्वळ सोव्हिएत राजवटीवरची टीका म्हणून ‘वुई’ वाचणं मला अपुरं वाटतं. झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा इंजिनिअर. १९१६-१७ मध्ये तो रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर देखरेख करायला न्यूकॅसलला होता. त्या अनुभवावर लिहिलेल्या लघुकादंबरीत एक इंग्रज पाद्री आहे. जेवण, झोप, अगदी बायकोजवळ जाण्याचा दिवससुद्धा त्याने तक्त्यात बसवलेला. म्हणजे ‘वुई’तलं वेळापत्रक आधी उगवलं ते इंग्लंडमध्ये.

कादंबरी तेव्हा मायदेशात छापली गेलीच नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला ती इंग्रजीत आली. १९३१ मध्ये झाम्यातिनने स्टॅलिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि १९३७ मध्ये तो पॅरिसला वारला. सोव्हिएत संघात पुस्तक निघायला १९८८ उजाडलं.

आजच्या गोदामात कामगाराच्या हातात स्कॅनर असतो. वस्तू उचलली की नोंद, पुढची उचलली की नोंद. दोन नोंदींमधली फट म्हणजे कामाबाहेर गेलेला वेळ. ॲमेझॉनच्या गोदामांत त्याला नावच आहे, ‘टाइम ऑफ टास्क’. घड्याळवाला आता शेजारी उभा नसतो, एवढाच फरक. म्हणून ‘वुई’ला भविष्यवाणी म्हणणं मला पटत नाही, स्कॅनर आणि कादंबरी, दोघांचं मूळ टेलरच्याच घड्याळात आहे.

या घड्याळाला विरोध तेव्हाही झाला. १९११ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात ओतकाम करणाऱ्यांनी स्टॉपवॉचविरुद्ध काम थांबवलं. प्रकरण संसदेत गेलं आणि १९१५ मध्ये सरकारी शस्त्रकारखान्यांतल्या स्टॉपवॉचचा पैसाच बंद झाला. कॅलिफोर्नियाचा २०२१ चा गोदाम कायदा मोजमापाला हात लावत नाही. कोटा किती ते लेखी सांगा, आणि त्यापायी जेवणाची सुट्टी आणि लघवीला जाणं अडवू नका, असं तो मालकाला बजावतो.