अडीच मायक्रॉन आणि दहा सेकंद

दिवाळी सरली की मुंबईच्या वर्तमानपत्रांत हवेच्या बातम्यांचा हंगाम सुरू होतो. गोवंडीचा निर्देशांक एवढा, बीकेसीचा तेवढा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: 'ज्येष्ठ नागरिक व श्वसनविकाराच्या रुग्णांनी घराबाहेर पडणे टाळावे.' ज्यांची खोली दहा बाय दहाची आहे आणि एकुलती एक खिडकी बेकरीच्या धुराड्यासमोर उघडते, त्यांनी आत बसून नेमकं काय टाळायचं, हे कोणी लिहीत नाही. बेकऱ्यांनी सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत बजावलं खरं. पण भट्टी बदलली तरी गल्लीत जळणारा कचरा आणि घरातली चूल उरतेच.

निर्देशांकाचं गणित थोडक्यात सांगतो. आठ प्रदूषकांपैकी जो सर्वांत वाईट, त्याचा अंक तोच निर्देशांक, आणि आपल्याकडे तो मान बहुतेक वेळा धुलिकणांना मिळतो. २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ (अतिबारीक धुलिकण) असले की निर्देशांक १०० होतो, आणि १०० पर्यंतची हवा सरकारी भाषेत 'समाधानकारक' असते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आपलं समाधान चौपट स्वस्त.

पण आज मला भांडायचंय ते दुसऱ्याच समजुतीशी. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे मात्र बहुतेकांच्या डोक्यात चाळणी असते: मोठे कण नाकात अडकतात, बारीक कण गळून खाली जातात, आणि जितका कण बारीक तितका तो आत जाऊन जास्त चिकटतो. श्वसनमार्गात चाळणी नाही. तिथे जे आहे ते याहून फार गमतीचं आहे.

श्वासनलिका छातीत उतरली की तिच्या दोन शाखा होतात, त्या प्रत्येकीच्या पुन्हा दोन, असं सुमारे २३ वेळा. प्रत्येक फाटा आधीच्यापेक्षा अरुंद असतो, पण फाट्यांची संख्या इतकी भराभर वाढते की सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ फुगतच जातं. श्वासनलिकेचं छिद्र जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटर. तळाशी ही बेरीज हजारो चौरस सेंटिमीटरवर जाते. त्यामुळे वर जोरात धावणारी हवा वायुकोशांपाशी, म्हणजे टोकाच्या इवल्या फुग्यांपाशी, जवळजवळ थबकते. कण कुठे पडणार, हे या वेगावर ठरतं.

वरच्या भागात राज्य जडत्वाचं. नाकाच्या आणि घशाच्या वळणावर हवा वळते, दहा मायक्रॉनचा जड कण वळत नाही, सरळ जाऊन भिंतीवर आदळतो. त्याहून हलके कण पहिल्या काही फाट्यांवर आदळतात. इथपर्यंत फार बिघडत नाही, कारण या भिंतींवर चिकट द्रव आणि सूक्ष्म केसांचा सरकता पट्टा आहे. पडलेला कचरा तो साधारण दिवसभरात घशाकडे ढकलतो आणि आपण तो गिळून टाकतो.

खाली हवा मंदावते, तसं राज्य गुरुत्वाकर्षणाकडे जातं. स्थिर हवेत कण पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहा मायक्रॉनचा कण सेकंदाला तीन मिलिमीटर पडतो. एक मायक्रॉनचा फक्त ०.०३५ मिलिमीटर. (व्यास दहापट कमी, तर वेग शंभरपट कमी व्हायला हवा, प्रत्यक्षात तो सत्त्याऐंशीपटच कमी होतो. एक मायक्रॉनच्या कणाला हवा सलग लागत नाही, रेणूंमधली पोकळी जाणवू लागते आणि तो थोडा निसटतो. याला कनिंगहॅमची दुरुस्ती म्हणतात. डोकं गरगरलं असेल तर हा कंस सोडून द्या.) वायुकोश जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. तेवढं अंतर पडायला एक मायक्रॉनच्या कणाला पाचसहा सेकंद लागतात, आणि त्याआधीच आपण श्वास सोडलेला असतो.

मग आणखी बारीक कण? तिथे तिसरा खेळाडू येतो: ब्राउनीय गती. हवेचे रेणू सगळ्या बाजूंनी धक्के देतात, आणि ०.१ मायक्रॉनखालचे कण त्या धक्क्यांनी इतके भरकटतात की भिंतीला लागतातच. जडत्व आणि गुरुत्व मोठ्या कणांना पकडतात, ब्राउनीय गती अगदी सूक्ष्म कणांना. मधल्या ०.३ ते ०.५ मायक्रॉनच्या कणांना धड कोणीच पकडत नाही. त्यांतले बहुतेक जसे आत गेले तसे बाहेर येतात. एन-९५ मास्कची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात ती यामुळेच. मास्कचे धागेही याच टापूत कमी पडतात.

पण तेवढ्यावरून धूर सोज्वळ ठरत नाही. धुरात कणांची संख्या इतकी प्रचंड असते की त्यांतला थोडा हिस्सा राहिला तरी खूप होतो, आणि वायुकोशांत सरकता पट्टा नाही. तिथे भक्षक पेशी येऊन एकेक कण गिळतात; महिने जातात.

हा धूर कशाचा आहे, हे कणांना ठाऊक नसतं. घरात होम करा, कापूर जाळा, गोवरीवर तूप टाका, 'हवा शुद्ध होते' असे संदेश दर हिवाळ्यात फिरतात. श्रद्धेशी माझं भांडण नाही, पण जे जळतं ते मायक्रॉनखालचेच कण देतं. डास पळवणारी एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ सोडते, असं २००३ साली मोजलं गेलंय. आणि कुंडीतल्या 'हवा शुद्ध करणाऱ्या' झाडांबद्दल: २०१९ च्या एका फेरतपासणीत हिशेब निघाला, की घरातल्या वाफांवर खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील.

आता माणसांकडे येतो. धुराने छाती गेलेली बाई शोधायची कोणी? आशाताईंकडे आजारांचा धोका जोखायचा एक कागद असतो, सगळे त्याला सीबॅक फॉर्म म्हणतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा. त्यात विचारलेलं असतं: स्वयंपाकाला इंधन कोणतं? लाकूड, पिकांचा पालापाचोळा, शेणाच्या गोवऱ्या, कोळसा, रॉकेल की गॅस? कचरा जाळता का, वीटभट्टीवर काम करता का, हेही असतं. प्रश्न अगदी नेमके आहेत. पण वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातला आजार यांना त्या फॉर्मात गुण आहेत. चुलीला गुण नाहीत. चार गुणांच्या वर गेलेल्यांना तपासणीत आधी घेतात. तीस वर्षं चुलीपुढे बसलेली, तंबाखूला हात न लावलेली सडपातळ बाई गुणांच्या हिशेबात तंदुरुस्त निघू शकते. आशाताई तिला विचारते, ‘मावशी, दम लागतो का?’ मावशी म्हणते, ‘वयानं लागणारच की.’ झाली नोंद: नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासतात, आणि ते बरोबरच आहे. क्षयरोग नाही निघाला की हातात खोकल्याची बाटली पडते. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, तिथून पुढच्या पायरीवर कुठेतरी असतं.

आजाराचं निदान झालंच तर पंप, म्हणजे इनहेलर, मिळतो, आणि 'पंपाची सवय लागते' या भीतीने तो उशाखाली राहतो. सवय लागत नाही. औषध थेट नळ्यांत जातं, त्यामुळे मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी पुरते. पंपातल्या औषधाचे थेंब मुद्दाम १ ते ५ मायक्रॉनचे केलेले असतात, म्हणजे जो टापू आपण प्रदूषणात घाबरून मोजतो, जवळपास तोच. श्वास आत घेऊन दहा सेकंद रोखायला सांगतात तेही गुरुत्वासाठी. दोन मायक्रॉनचा थेंब सेकंदाला ०.१३ मिलिमीटर पडतो. दहा सेकंदांत १.३ मिलिमीटर. बारीक श्वासनलिका मिलिमीटरहून अरुंद, म्हणजे थेंब भिंतीला लागणारच. लगेच श्वास सोडला तर बरंचसं औषध खोलीतल्या हवेला मिळतं. ही गोष्ट चिठ्ठीवर लिहून जमत नाही, समोर बसवून करून घ्यावी लागते.

पंप दाबताना फवारा इतक्या जोरात सुटतो की मोठे थेंब घशावरच आदळतात. त्यासाठी मध्ये स्पेसर लावतात. त्यात वेग मरतो, मोठे थेंब तिथेच पडतात. स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. दम्याच्या मुलांवर ती नेहमीच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली, असं केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलं. बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडायचं, आणि पहिल्यांदा नर्सताईंच्या देखरेखीखाली वापरायची. बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून काढायची आणि न पुसता वाळू द्यायची. पुसली तर घासण्याने प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध बाटलीच्याच भिंतीला चिकटून बसतं.